ताईच्या तव्यावरची मशेरी

आमच्या प्रयोगासाठी लागणारी मशेरी माझ्या ताईने भाजून दिली. आचऱ्याला आमच्या घराच्या मागीलदारी आंघोळीचं पाणी तापवायची चूल आहे. तिच्यावर तिने लोखंडी तवा ठेवला, तंबाखूची पानं हातानेच चुरून टाकली आणि पदर नाकाला लावून उलथण्याने परतत राहिली. पानं आधी तपकिरी झाली, मग काळी. धूर इतका तिखट होता की मी खोकत खोकत माडांपर्यंत पळाले. ताई हसत होती.

"उंदरांका दात खंय घासूचे आसत?" तिने विचारलं.

"दात घासूक नाय गो. तेंच्या खाणात मिसळूची आसा."

"आणि ते खातले?"

"खातत."

"मगे काय होतला?"

"ताच बघूचा आसा."

चुरा थंड झाल्यावर तिने तो पाट्यावर वाटला, मी आणलेल्या बाटल्यांत भरला आणि उरलेला आपल्या डब्यात ओतला. बोटांना लागलेली पूड तिने सवयीने खालच्या हिरडीवर फिरवली. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा चिठ्ठ्यांकडे वळले.

मी मुंबईला एका संशोधन संस्थेत काम करते. एखाद्या पदार्थाने कर्करोग होतो का, ते आम्ही प्राण्यांवर तपासतो. सांगायला एका वाक्याचं काम. करायचं म्हणजे पांढऱ्या उंदरांच्या एका गटाला साधं खाणं द्यायचं, दुसऱ्या गटाला तो पदार्थ मिसळलेलं, आणि त्यांचं सगळं आयुष्य त्यांच्यासोबत काढायचं. दर आठवड्याला वजनं, पिंजऱ्यातला भुसा बदलणं, अंगावरून बोट फिरवून कुठे गाठ लागते का बघणं. बाजारातली मशेरी आम्ही आधी वापरली होती, पण ती कुणी, कशी, किती भाजली याचा पत्ता लागत नव्हता. तंबाखू भाजला की त्यात मुळात नसलेली रसायनंही तयार होतात, म्हणून भाजणं महत्त्वाचं. घरात भाजलेली मशेरी हवी असं ठरलं तेव्हा बैठकीत मीच बोलून गेले, "ती माझ्या घरी मिळेल."

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिने लग्न केलं नाही. आईवडील थकले तेव्हा ती घरी राहिली आणि मी शिकायला बाहेर पडले. भात, माड, काजू, गुरं, शेवटची आजारपणं, सगळं तिने काढलं. ती शाळेत असताना दाढ दुखते म्हणून आईने तिच्या बोटावर मशेरी ठेवली होती. तेव्हापासून रोज सकाळी ती मागीलदारच्या पायरीवर बसून मशेरी लावायची. शेजारच्या दोघीतिघी यायच्या. तोंडं अर्धवट मिटलेली, शब्द जिभेखालून येणारे, मधेच उठून थुंकून येणं, आणि तेवढ्या वेळात अख्ख्या वाडीची खबरबात. विज्ञान शिकायला लागल्यापासून मी तिला म्हणत आले होते, ताई, हे सोड. ती म्हणायची, "होय गो, सोडतंय." आणि डबा उघडायची.

प्रयोग सुरू झाला आणि तिचे फोन यायला लागले. एरवी ती फोनवर माडांना नारळ किती लागले, कुणाचं लग्न ठरलं, माशाचा भाव काय, हे सांगायची. आता पहिला प्रश्न एकच.

"माझे उंदीर कसे आसत?"

सुरुवातीला मला मजा वाटायची. सहकाऱ्यांनाही मी ते सांगितलं आणि प्राणीगृहात आमच्या प्रयोगाच्या पिंजऱ्यांना सगळे 'ताईचे उंदीर' म्हणायला लागले. "ताईच्या उंदरांची वजनं झाली का?" असं कुणी विचारलं की मी हसायचे. पण हळूहळू ते मला नकोसं झालं. इतकी वर्षं या कामात मी एक शिस्त पाळली होती. पिंजऱ्यावर आकडा असतो, नाव नसतं. नाव आलं की हात अडखळतो. आता सगळ्या पिंजऱ्यांना मिळून एक नाव होतं, आणि ते माझ्या घरातलं होतं.

मी व्हिडिओ कॉल करून तिला एकदा फोटो दाखवले. आत फोन नेता येत नाही, म्हणून आधी संस्थेच्या कॅमेऱ्यावर काढलेले. ती बराच वेळ बघत राहिली.

"बरे गुटगुटीत आसत," ती म्हणाली. "माझी मशेरी तेंका मानवली तर."

मी पुढचा फोटो दाखवला. त्याच आठवड्यात एका उंदराचं वजन उतरायला लागलं होतं.

मग एकेक करून बाकीचेही उतरायला लागले. साधं खाणं खाणारेही म्हातारे होत होते, त्यांच्यातलेही काही गेले, म्हणून घाईने काही म्हणता येत नव्हतं. हे असं थांबणं माझ्या कामाचाच भाग आहे आणि मला ते चांगलं जमतं, अशी माझी समजूत होती. पण त्या महिन्यांत मला एका जागी बसवेना. सुट्टीच्या दिवशीही मी प्राणीगृहात जायचे. ज्यांचं वजन काल झालं होतं त्यांचं आज पुन्हा करायचे. तिथला देखभाल करणारा माणूस म्हणाला, "मॅडम, सारखं हातात घेतलंत तर ते घाबरतात." त्याचं बरोबर होतं. मी हातमोजे काढले आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले.

प्रयोगाच्या शेवटी जे उंदीर उरलेले असतात त्यांना वायू देऊन शांत करतात आणि मग आतले अवयव तपासतात. मी हे काम कधी दुसऱ्यावर टाकलेलं नाही. त्या दिवशीही टाकलं नाही. मशेरी खाल्लेल्या उंदरांपैकी काहींच्या जठरात, वरच्या बाजूला, गाठी दिसत होत्या. कोबीच्या छोट्या गड्ड्यासारख्या. साधं खाणं खाल्लेल्यांत तशा क्वचितच. तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून झाले, आकडेमोड झाली. सगळ्यांचं एकमत झालं. माझ्या वरिष्ठांनी माझं अभिनंदन केलं. मी आभार मानले आणि रजेचा अर्ज दिला.

कणकवलीला गाडीतून उतरले आणि रिक्षाने आचऱ्याला गेले. ताईने माझ्यासाठी भाकऱ्या आणि सुंगटांची म्हणजे कोलंबीची आमटी करून ठेवली होती. जेवण होईपर्यंत तिने काही विचारलं नाही. हात धुऊन आली आणि समोर बसली.

"झाला मा? आता सांग."

"काहींका गाठी इल्यो."

"सगळ्यांका?"

"नाय. सगळ्यांका नाय. पण साधा खाण खाल्लेल्यांपेक्षा बऱ्याच जास्त जणांका."

तिने पदराने ओले हात पुसले, पुन्हा पुसले.

"मगे मी खंयच्यात गो? झालेल्यांत की नाय झालेल्यांत?"

सभांमध्ये मला कठीण प्रश्न विचारले जातात. उंदराचं जठर आणि माणसाचं जठर सारखं नसतं, ज्या भागात गाठी आल्या तो भाग माणसाला नसतोच, तुम्ही दिलेलं प्रमाण माणसाच्या वापराशी कसं जुळवता? या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. एका उंदराला गाठ का आली आणि शेजारच्याला का नाही, हे मात्र मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. आम्ही गटाबद्दल बोलतो.

"ता माका सांगाक येना नाय, ताई."

"मगे इतकी वर्सां शिकलस काय?"

ती चिडून बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी फोनचा टॉर्च लावला.

"तोंड उघड."

"कित्याक?"

"उघड तू."

खरं तर तिचं तोंड मी त्याआधी कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती बघू द्यायची नाही. आता तिने डोळे मिटून आ केला. खालचा ओठ मी बोटाने ओढला. आत, हिरडी आणि ओठ यांच्या मधल्या खोबणीत, जिथे तिचं बोट रोज फिरायचं नेमक्या त्याच जागी, एक पांढरट, सुरकुतलेला डाग होता. मी तो पुसून पाहिला. निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कणकवलीला गेलो. तोंडाच्या विकारांची डॉक्टर तरुण बाई होती, शांत बोलणारी. ताई तिच्यासमोर एकदम शुद्ध मराठीत शिरली.

"किती वर्षं लावता?"

"लहानपणापासून लावते. म्हणजे दाढ दुखायची, म्हणून आईने दिली."

"दिवसातून कितीदा?"

"सकाळी. आणि दुपारी जेवल्यावर. आणि कोणी बसायला आली तर तिच्यासोबत." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या उंदरांनी पण खाल्ली, माझ्याच हातची. त्यातल्या काहींना झालं, काहींना नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी काय करते ते तिला थोडक्यात सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढचं सगळं मलाच सांगायला सुरुवात केली, बारीकसारीक शब्दांसह. ताई मधेच म्हणाली, "डाग माझ्या तोंडात आसा, तिच्या नाय." डॉक्टरला हसू आलं. तिने खुर्ची ताईकडे वळवली आणि पहिल्यापासून सगळं तिला सांगितलं. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायला आठवडा लागेल, मशेरी आजच बंद, असं म्हणाली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. तुकडे कापले जातात, रंगवले जातात, काचेवर चढतात, कुणीतरी डोळा लावून बघतं. यातली प्रत्येक पायरी मी हजारदा केलेली आहे आणि कुठल्या पायरीवर किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. त्यामुळे दिवसभर माझ्या डोक्यात ते तुकडे फिरत राहायचे. घासलेली भांडी मी पुन्हा घासली. घरापुढच्या खळ्यातला पाचोळा काढला, वाऱ्याने पुन्हा आला, पुन्हा काढला. खाडीपर्यंत चालत जायचे, पोचले की वाटायचं घरी फोन आला असेल, आणि फोन तर माझ्या हातातच असायचा. ताईला मशेरीवाचून डोकेदुखी लागली होती, पोट साफ होत नव्हतं. ती गुरांवर ओरडायची, माझ्यावर ओरडायची. शेजारणी सकाळी आल्या, पायरीवर टेकल्या, ताईने डबा काढला नाही तेव्हा जरा वेळ घुटमळल्या आणि आपापल्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मला मागीलदारून तिखट धुराचा वास आला. मी धावत गेले. चुलीवर तवा होता.

"ताई!"

"थोडीच भाजतंय."

"डॉक्टर काय म्हणाली?"

"म्हणू दे."

मी तवा उचलायला गेले, तिने माझा हात धरला. आम्ही दोघी त्या वयात, त्या धुरात, लहान मुलींसारख्या झोंबलो. तव्याची कड माझ्या मनगटाला लागली आणि मी ओरडले. तिने लगेच हात सोडला, धावत जाऊन कोरफडीचं पान तोडून आणलं आणि गर लावता लावता रडायला लागली.

"तुझ्या उंदरांका कोणी इचारल्यान काय, खातास काय म्हणान?"

"नाय इचारूक. तेंच्याकडे दुसरा खाण नव्हता. तुझ्याकडे आसा."

"तुका काय म्हायत? आवशीन बोटार दिल्यान ती. सकाळी लावल्याशिवाय ह्या घर माका माझा वाटना नाय."

 ज्या घराला ती आपलं म्हणत होती त्या घरातून मी कधीच निघून गेले होते. धूर निवळला. तव्यावरची पानं अर्धी कच्ची, अर्धी जळलेली. तिने ती चुलीत ढकलून दिली आणि चूल विझवली.

त्याच दुपारी ती म्हणाली, देवळात जाऊ या. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायला एक म्हातारे गृहस्थ असतात. ताईने नारळ ठेवला. त्यांनी डोळे मिटून, घोळवत सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान आज पायाकडे नारळ ठेवल्यान हा. तेच्या अंगात काय वाकडा आसात, ता काढून टाक, आणि तेका बरा कर रे म्हाराजा..." मागे उभ्या असलेल्या चारपाच जणांनी म्हटलं, "होय म्हाराजा."

ताई पुढे वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "आणि त्या उंदरांचा पण सांगा."

त्यांनी एक डोळा उघडला. "खंयचे उंदीर?"

"हिच्याकडले. मुंबयचे. माझी मशेरी खावन मेले ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. पण त्यांनी डोळा मिटला आणि सूर न मोडता पुढे म्हटलं, "आणि थंय मुंबयक जे मुके जीव आमच्यापायी खपले, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मागचे म्हणाले.  ज्या हातांनी मी ते काम केलं होतं ते हात जोडलेले होते, आणि मी त्यांच्याकडेच बघत राहिले. संस्थेत आम्ही प्रत्येक प्रयोगाआधी समितीची परवानगी घेतो, कमीत कमी प्राणी, कमीत कमी वेदना, सगळं लिहून देतो. ते आवश्यक आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण नारळ कुणी ठेवला नव्हता.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरने आधी ताईकडे बघून सांगितलं, "कर्करोग नाही." मग म्हणाली, "पण पेशी बदलायला लागल्या आहेत. आता थांबलात तर बरंच काही तुमच्या हातात आहे. दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं." मी कागद घेतला आणि वाचला. पेशींतला बदल सौम्य आहे, असं लिहिलं होतं. हा शब्द मी स्वतः कितीतरी वेळा लिहिलेला आहे. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा ताईने तो माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि पिशवीत टाकला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती.  मग विचारलं, "मधीच सोडलेल्या उंदरांचा काय झाला?"

"कोणी सोडलेल्या?"

"अर्धा आयुष्य मशेरी खाल्ली आणि मगे सोडली. तसे."

"तसे उंदीर ठेवूक नाय आमी."

"कित्याक?"

असा गट ठेवायचा विचार सुरुवातीला झाला होता. पिंजरे कमी होते, माणसं कमी होती, आधी मूळ प्रश्नाचं उत्तर मिळू दे असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, माझंही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरा," आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. माणसांमध्ये सोडल्यावर फायदा होतो हे माहीत आहे, ते मी तिला घाईघाईने सांगू लागले. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

मुंबईला परतल्यावर मी तो गट मागितला. परवानग्या, बैठका, पुन्हा बैठका. आता ते उंदीर आले आहेत. त्यांच्यातल्या काहींचं खाणं अर्ध्यावर बदलायचं आहे. यावेळी मशेरी दुसऱ्या गावातून आणली. मीच तसं म्हटलं आणि कुणी कारण विचारलं नाही.

ताईने मशेरी एकदम नाही सोडली. मधे दोनदा लावली, दोन्ही वेळा तिनेच मला फोन करून सांगितलं. सकाळच्या वेळेचं काय करायचं हा तिचा खरा प्रश्न होता. काही दिवस ती बडीशेप चावत पायरीवर एकटीच बसायची. मग शेजारणींपैकी एक चहाचा कप घेऊन यायला लागली. ती शेजारीण अजून मशेरी लावते, पण आमच्या पायरीवर बसून नाही. गावच्या बचत गटाच्या बायकांसमोर ताईने मला बोलायला लावलं. मी चित्रं दाखवली. एक बाई म्हणाली, "आमी काय उंदीर?" सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर त्यांच्यातल्या दोघींनी आपापली तोंडं मला दाखवली, आतल्या खोलीत, दार लोटून.

मी गावाला गेले की पहिल्यांदा ताईचं तोंड बघते. टॉर्च लावते, ओठ ओढते, डाग मागच्या वेळेपेक्षा फिका की गडद हे ठरवायचा प्रयत्न करते. ती जेवताना मी तिच्या जबड्याकडे बघते. तिला शिंक आली तरी मी वळते. गेल्या खेपेला तिने माझा हात बाजूला केला.

"पुढच्या तपासणीक मी एकटी जातलंय. तू येव नको."

"कित्याक? मी येतंय ना रजा घेवन."

"तू इलंस की माका बरा नाय आसा असा वाटता."

त्या तपासणीसाठी काढलेलं तिकीट मी रद्द केलं. ती एसटीने गेली, कणकवलीला डॉक्टरला दाखवलं, बाजारात जाऊन नवी सुपं घेतली आणि संध्याकाळी मला फोन केला. मी तेव्हा नव्या उंदरांची वजनं संपवून बाहेर येत होते.

"बरा आसा," ती म्हणाली.

"नेमका काय म्हणाली डॉक्टर?"

"बरा आसा म्हणाली."

"डाग केवढो आसा? मोजल्यान काय? कमी झालो?"

"गो बाय, ती म्हणाली बरा आसा, मी म्हणतंय बरा आसा. आणि कोणाक इचारूचा आसा तुका?"

मी बरं म्हटलं. ती सुपांबद्दल सांगायला लागली, किती घट्ट विणलेली आहेत आणि शेजारणीला एक कसं हवंय. मी ऐकत होते. फोन ठेवल्यावर डॉक्टरचा नंबर काढला, लावला. लागला नाही. पुन्हा लावायला घेतला, आणि मग फोन पिशवीत टाकून चालायला लागले. थोड्या अंतरावर पुन्हा थांबले.